जोसेफची दाढी

नागपुरात एखाद्या मुलीबद्दल ‘ती कॉन्व्हेंटची आहे’ एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावे लागत नाही. दोन घट्ट वेण्या, कडक इस्त्रीचा ट्यूनिक, फाडफाड इंग्रजी आणि थोडा नखरा, असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उभे राहते. नव्वदच्या दशकात मी अशाच एका कॅथलिक मुलींच्या शाळेत शिकले. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एकदोन तक्रारीही येणार आहेत. हे चित्र फाटकाबाहेर उभे राहून काढलेले आहे, एवढेच मला त्याबद्दल म्हणायचे आहे. आत शिरलेल्या मुलीला सर्वांत आधी जाणवायची ती गोष्ट वेगळीच होती. त्या आवारात मुलगे नव्हते, आणि त्यामुळे घरीदारी ‘मुलांची’ समजली जाणारी झाडून सगळी कामे आमच्याच अंगावर येत.

कॅथलिक शाळा आमच्या भागात आल्या त्या छावणी आणि रेल्वे यांच्या पाठोपाठ. कामठीच्या छावणीत आयरिश शिपाई असत, त्यांना पाद्री हवे असत, आणि फ्रान्समधल्या सॅव्हॉय प्रांतातील ॲनसी या गावातून आलेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे पाद्री विशाखापट्टणमपासून नागपूरपर्यंतचा अफाट मुलूख सांभाळत असत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये मुलांसाठी सेंट फ्रान्सिस डी सेल्स, म्हणजे एसएफएस, शाळा निघाली आणि १८८७ मध्ये विशाखापट्टणमपासून वेगळा होऊन नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. (सेमिनरी हिल्सवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या किती नागपूरकरांना ती टेकडी पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीवरून ओळखली जाते हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे.) मुलींच्या शाळा धर्मभगिनींनी चालवल्या. सुरुवातीला गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी असलेल्या अशा शाळांत, माझ्या काळापर्यंत, वर्गातल्या कॅथलिक मुली बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. बाकी आम्ही होतो : धरमपेठ आणि महालातल्या मराठी मुली, जरीपटक्यातल्या सिंधी, इंदोऱ्यातल्या बौद्ध घरांतल्या, सदर-मोहननगरच्या मुसलमान आणि पारशी, आणि रेल्वेतल्या बदलीवर आलेल्या तमिळ व बंगाली कुटुंबांतल्या. सिस्टर मात्र बहुतेक मंगळूरच्या, केरळच्या नाही तर छोटा नागपूरकडच्या. त्या ‘छोट्या’ नागपूरवरून आम्ही केलेले विनोद त्यांनी नक्कीच शेकडो वेळा ऐकलेले असणार.

विदर्भातल्या उन्हामुळे आमची शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अगदी शेवटी उघडायची, आणि पहिल्याच दिवशी प्रार्थनेनंतर नखे, रिबिनी आणि बुटांचे पॉलिश यांची तपासणी व्हायची. शनिवारी पांढरे कॅनव्हासचे बूट लागत. ते ओले राहिले असले तर फळ्याजवळच्या खडूच्या तुकड्यांनी डाग बुजवण्याची कला प्रत्येकीला अवगत होती, आणि रांगेत चालताना पायांखाली पांढरा भुगा सांडत जायचा. प्रार्थनेत ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ इंग्रजीतून म्हटली जायची. ती प्रत्येकीला पाठ होती, मात्र क्रूसाची खूण करायची की हात जोडायचे, हे ज्या त्या मुलीवर सोडलेले असे. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुली कॅटेकिझमसाठी, म्हणजे त्यांच्या धर्माच्या पाठांसाठी, शाळेतल्या छोट्या प्रार्थनाघराकडे, चॅपलकडे जात आणि आम्ही मॉरल सायन्ससाठी वर्गातच बसत असू. अनुदान घेणाऱ्या शाळेला मुलीच्या किंवा अल्पवयीन असल्यास तिच्या पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असे घटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या वयात आम्हाला फक्त इतकेच दिसायचे की चॅपलमध्ये पंखे अधिक चांगले आहेत.

शाळेचे पंचांग दुहेरी होते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन असे आणि त्याच दिवशी मेरीच्या स्वर्गारोहणाचा सणही असे, म्हणून झेंड्याला सलामी देऊन कॅथलिक मुली मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जात आणि आम्ही जिलबी घेऊन घरी येत असू. आठ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिवस. मंगळुरी सिस्टरांकडे त्याच्या आधीचे नऊ दिवस फुले वाहण्याची रीत होती आणि ती त्यांनी आमच्या गळी सहज उतरवली, कारण पुष्कळदा तेच दिवस पोळा-मारबतीनंतरचे, गणपतीचे आणि महालक्ष्म्यांचे असत. घरी परडी भरून तेरडा, गुलबक्षी आणि चांदणी गोळा होतच असे; त्यातली मूठभर फुले डब्याच्या पिशवीत घालून आणायला कोणाच्याही आईने कधी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, कॅथलिक मैत्रिणी कपाळावर राख लावून वर्गात येत, तेव्हाही कोणाला वेगळे काही वाटायचे नाही, कारण तमिळ मुली विभूती लावून रोजच येत असत. या बाबतीत शाळेचे मोठेपण सांगितले जाते तेव्हा मला थोडे हसू येते. सहिष्णुता वगैरे शिकवायला तिथे कोणाला सवड नव्हती. फुले हवी होती, ती आणायला मुली होत्या, आणि कोणत्या देवाची फुले हा प्रश्न कामाच्या गर्दीत मागे पडत असे.

खरी गर्दी डिसेंबरात व्हायची. नेमके तेव्हाच विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलेले असते, मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्स आणि झिरो माइलच्या बाजूचे रस्ते बंद होतात, आणि आमचे रिक्षावाले काका कुठून कुठून वळसे घालून आम्हाला आणत. त्यामुळे तालमीला उशीर, उशिरामुळे ओरडा, असे ठरलेलेच असे. नववीच्या वर्गाकडे ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचे काम असायचे. गुहा करायला खाकी कागद चुरगाळून त्यावर गेरू आणि पातळ केलेली शाई शिंपडायची. गव्हाणीत घालायला भंडाऱ्याकडून येणाऱ्या एका मुलीचे वडील धानाचे तणस आणून देत. आणि कुरणासाठी गहू पेरायचे. या गव्हात सगळी अक्कल लागत असे. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांतल्या मुलींकडे हे काम आपसूक यायचे, तरी डिसेंबरातली नागपूरची थंडी ऑक्टोबरसारखी नसते. गहू रात्रभर भिजवून, पोत्यात बांधून, मोड आल्यावरच पत्र्याच्या उथळ डब्यांत घालावे लागत. नुसती काळी माती घेतली तर ती वाळून भेगाळते म्हणून तिच्यात नागनदीकडची नाही, बांधकामावरची कोरडी रेती मिसळायची. डबे दिवसा उन्हात आणि रात्री सिस्टरांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला ठेवायचे. लवकर पेरले तर नाताळापर्यंत पात्या लांबून पिवळ्या पडून आडव्या होतात, आणि उशीर झाला तर मेंढ्या उघड्या मातीवर उभ्या राहतात. एका वर्षी पात्या इतक्या उंच झाल्या की मातीच्या मेंढ्या त्यांत दिसेनाशाच झाल्या, आणि सुपीरियर मदरांनी कात्री मागवून स्वतः बसून ते गवत कापले.

नाताळच्या नाटकातही सगळे आमचेच. मेरीची भूमिका गोऱ्या, लांब केसांच्या मुलीला मिळायची, हा अन्याय तर होताच. पण चुरस असायची ती मेरीचा नवरा जोसेफ आणि दुष्ट हेरोद राजा यांच्या भूमिकांसाठी, कारण त्यांना बोलायला जास्त असे. जोसेफ वर्गातली सर्वांत उंच मुलगी होत असे. तिची दाढी काळ्या लोकरीच्या लडीची असायची. लोकरीचे वीतभर तुकडे कापडाच्या पट्टीवर एकेक टाके घालून शिवायचे, मग दाताच्या फणीने ते विंचरून पिंजायचे आणि पट्टी डिंकाने गालांना चिकटवायची. दिव्यांच्या उष्णतेने डिंक पाघळला की बेथलेहेमच्या धर्मशाळेच्या दारात उभ्या असलेल्या जोसेफला एका हाताने मेरीला आणि दुसऱ्या हाताने दाढीला आधार द्यावा लागे, आणि प्रेक्षकांतले पालक हे दृश्य फार भाविक समजून टाळ्या वाजवत.

पण मला सांगायचे आहे ते पडद्यामागचे. सभागृहातले लाकडी बाक आम्हीच उचलत असू, चौघी एका बाकाला. दिव्यांच्या माळांची जोडणी शारीरिक शिक्षणाच्या बाईंच्या देखरेखीखाली मुलीच करत, शिडीवर मुलगीच चढे, आणि क्रीडादिनाच्या संचलनाचा मोठा ढोल पट्ट्याने खांद्याला अडकवून मुलगीच वाजवत असे. सहशिक्षणाच्या शाळेत शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीला स्नेहसंमेलनात रांगोळी, स्वागत आणि आरतीचे तबक याखेरीज काम मिळालेले मी पाहिले नाही. तिच्या शाळेत हुशार आणि धडधाकट मुली नव्हत्या असे मुळीच नाही, पण बाक उचलायला तिथे मुलगे होते. आमच्या सिस्टरांना स्त्रीमुक्तीशी काही देणेघेणे होते असाही माझा दावा नाही. शिडी धरायला लावणारी तीच सिस्टर दुसऱ्या दिवशी पाय पसरून बसल्याबद्दल ‘लेडीलाइक’ या विषयावर अर्धा तास घेत असे. तरीही शिडीवर चढलेल्या मुलीला उंचीचे भय एकदा गेले की ते अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने परत येत नाही, हे मी पाहिले आहे.

तक्रार आहे ती भाषेच्या दंडाची. आवारात मराठी किंवा हिंदी बोलताना सापडलेल्या मुलीला पैसे भरावे लागत आणि मॉनिटर वहीत नाव लिहून घेत असे. मधल्या सुट्टीत ‘काय करून राहिली गं’ असे तोंडातून निघाले की गेला रुपया. परिणाम असा झाला की आम्ही कुजबुजत बोलायला शिकलो, आणि ज्या मुलींच्या घरी इंग्रजीचा गंध नव्हता त्या दोन-तीन वर्षे जवळजवळ बोलल्याच नाहीत. अभ्यासात पुढे असलेली माझी एक मैत्रीण पाचवीत मुकी समजली जायची. इंग्रजी आम्हाला आले ते दंडामुळे आले, असे आजही काही माजी विद्यार्थिनी अभिमानाने सांगतात. मला ते पटत नाही. ते वाचनालयामुळे आले आणि नाटकामुळे आले. मराठीच्या बाईंना स्वतःच्या तासाला तरी मोकळीक होती, आणि ती त्या पुरेपूर वापरत. त्यांच्या तासाला सगळा वर्ग एकदम बोलत असे.

शिक्षकदिनी दहावीच्या मुलींनी साड्या नेसून वर्ग घेणे, ऑक्टोबरात मिशन संडेच्या जत्रेसाठी सोडतीची तिकिटे शेजाऱ्यांच्या गळ्यात मारणे, हाउसच्या रंगांवरून भांडणे, हे सगळे तर अशा कोणत्याही शाळेत होते. निरोपसमारंभ मात्र लक्षात राहण्यासारखा असे. दहावीची प्रत्येक मुलगी पेटलेली मेणबत्ती नववीच्या मुलीच्या हाती द्यायची, आणि त्याच कार्यक्रमात मेरीच्या गुहेपुढे बोर्डाची हॉल तिकिटे वाटली जात. एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात तिकीट असल्यामुळे मेण कागदावर सांडणे अटळ होते. संध्याकाळी तेच तिकीट घेऊन अर्धा वर्ग सीताबर्डीच्या टेकडी गणपतीच्या रांगेत भेटायचा, आणि एकीची आई तर ते ताजबागच्या दर्ग्यालाही घेऊन गेली होती. परीक्षेच्या पहिल्या दिवशी पर्यवेक्षक बाईंनी माझ्या तिकिटावरचा मेणाचा थेंब आणि त्याशेजारचा कुंकवाचा डाग नखाने खरवडून पाहिला, मागच्या बाकावरच्या मुलीच्या तिकिटावरही तेच पाहिले, आणि ‘नंबर झाकला नाही ना, मग चालेल,’ असे म्हणून सही केली.