आखाजीचा फोटो: टायमर लावण्याआधी फोकस बांधून ठेवायचा

आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना सगळी भाऊबंदकी गोळा होते. खान्देशात अख्खं घर एका ओट्यावर सापडतं ते या दिवसांत. फोटो काढणाराही त्याच घरातला, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर आणि सेल्फ टायमर. नंतर फोटो मोठ्या पडद्यावर उघडला की भिंतीचे पोपडे लख्ख दिसतात आणि आजीचा चेहरा पुसट. बरेच फोटो असे गेल्यावर माझी एक पद्धत बसली आहे, ती इथे लिहितो.

आधी कारण समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. बहुतेक डीएसएलआर टायमरचं बटण दाबताक्षणी फोकस करतात आणि तिथेच धरून ठेवतात. दहा सेकंदांनी फक्त शटर उघडतं, पुन्हा फोकस होत नाही. बटण दाबताना मधल्या चौकटीत चेहरा नसेल, दोन डोक्यांमधली फट असेल, तर कॅमेरा भिंत पकडतो. तुम्ही पुढून हात घालून बटण दाबलं तर तुमचा हात किंवा छाती पकडतो. केळीच्या बागेत पानांच्या फाटलेल्या कडा आणि कपाशीत फुटलेली बोंडं चेहऱ्यापेक्षा जास्त ठळक असतात, म्हणून फोकस तिकडे ओढला जातो.

‘एफ नंबर वाढवा, सगळं स्पष्ट येईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. (एफचा आकडा मोठा, तर लेन्सचं छिद्र लहान.) तो अर्धाच खरा आहे. एपीएस-सी सेन्सरच्या (म्हणजे साध्या डीएसएलआरमधल्या लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर सोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ३५ मिमीच्या झूमला ठेवली, एफ ८ लावला आणि ५ मीटरवर फोकस केला, तर साधारण ३ मीटरपासून १४ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. दोन रांगा त्यात आरामात मावतात. पण तीच लेन्स एफ ५.६ वर असताना फोकस २० मीटरवरच्या निंबाच्या झाडावर गेला, तर स्पष्टता ७ मीटरच्या पुढे सुरू होते आणि ५ मीटरवरचं कुटुंब बाहेर राहतं. म्हणजे स्पष्टतेचा पट्टा कमी पडला असं नाही, तो चुकीच्या जागी लागला. ५० मिमी एफ १.८ लेन्सचं गणित मात्र खरंच कठीण. ४ मीटरवर पूर्ण उघडी ठेवली तर ३.८ ते ४.२ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट असतो. खुर्चीवर बसलेली रांग आणि मागे उभी रांग यांच्यात ७०-८० सेंटिमीटरचं अंतर सहज असतं, म्हणजे एक रांग गेलीच. त्या लेन्सनेही ग्रुप फोटोला मी एफ ८ च लावतो. हे आकडे साध्या आकाराच्या प्रिंटचे आहेत. भिंतीवर लावायला १२ बाय १८ इंची प्रिंट काढायची असेल तर पट्टा याहून अरुंद धरा.

जागा निवडताना उजेड आधी बघतो. पूर्वेला तोंड असलेल्या घराचा ओटा दुपारनंतर सावलीत येतो. आखाजीच्या सुमारास जळगावकडे सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो, म्हणून सहा ते साडेसहा ही वेळ मी धरून ठेवतो. उन्हात कुणाचेच डोळे उघडे राहत नाहीत. मोकळ्या आकाशाच्या सावलीत एफ ८, शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४०० असं साधारण बसतं. सूर्य मावळल्यावर एफ ५.६, १/१२५ आणि आयएसओ ८०० पर्यंत जावं लागतं. त्याहून कमी शटरवर जाऊ नका. मोठी माणसं १/१२५ ला टिकतात, लहान मुलांना १/२५० लागतोच. पळत येऊन रांगेत उभा राहणारा फोटोग्राफरही अजून हलत असतो, हे लक्षात राहत नाही.

कानबाईच्या रात्री घरात फोटो काढायचा झाला तर अडचण वेगळी. ट्यूबलाइटच्या उजेडात एफ ५.६ आणि १/६० ला आयएसओ ३२०० किंवा त्याहून जास्त लागतो. सिमेंटच्या स्लॅबला पांढरा रंग असेल तर वेगळा फ्लॅश छताकडे वळवून काम होतं. धाब्याच्या घरात छत लाकडाचं आणि काळपट, ते उजेड परत देत नाही. अशा घरी मी ग्रुप फोटो सकाळी ओट्यावरच काढतो.

आता मांडणी. ओट्यासमोर किंवा अंगणात जिथे रांग उभी राहणार तिथे रांगोळीने एक सरळ रेघ ओढतो. ट्रायपॉडला सुतळी बांधून रेघेच्या दोन्ही टोकांपर्यंत ताणून बघतो. दोन्हीकडे सुतळी सारखी भरली की रेघ कॅमेऱ्याला आडवी आहे. रांग अर्धवर्तुळात उभी करा, म्हणजे सगळे सारख्या अंतरावर येतील, असं सांगतात. पण फोकसचा पडदा गोल नसतो, सपाट असतो, सेन्सरला समांतर. अर्धवर्तुळात टोकाची माणसं त्या पडद्याच्या पुढे येतात. म्हणून सरळ रेघ. ३५ मिमीला ५ मीटरवरून सुमारे सव्वातीन मीटर रुंदी मावते, म्हणजे खांद्याला खांदा लावून सहा जण. सात-आठ असतील तर मागे सरकतो. लेन्स १८ वर नेत नाही, कडेचे चेहरे ताणले जातात.

कॅमेऱ्याची उंची उभ्या माणसाच्या छातीएवढी, सव्वा मीटरच्या आसपास, आणि लेन्स सरळ. खाली झुकवली तर फोकसचा पडदाही झुकतो. काळ्या मातीत ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली वीट किंवा फरशीचा तुकडा. मधला दांडा वर काढत नाही आणि वाऱ्याला खाली पिशवी लटकवतो. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर किलोभर ज्वारीची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा बसवा, चांगला बसतो. ट्रायपॉडवर कॅमेरा असताना किट लेन्सचा स्टॅबिलायझर (हाताचा हलका कंप सावरणारी सोय) बंद करतो.

फोकस बांधण्याचं काम असं. कॅमेरा मॅन्युअल मोडवर (एफ, शटर, आयएसओ हाताने लावायचे), फोकस एकाच बिंदूवर, सतत फोकस बंद. सगळे उभे राहिले की पुढच्या रांगेतल्या मधल्या माणसाला वर्तमानपत्र गालाला लावून धरायला सांगतो, मथळा कॅमेऱ्याकडे. मोठी काळी अक्षरं कॅमेरा लगेच पकडतो. पुढची रांगच का, तर स्पष्टतेचा पट्टा फोकसच्या पुढे कमी आणि मागे जास्त पसरतो. तीन रांगा असतील तर मधली घेतो. बटण अर्धं दाबून ‘बीप’ आलं की लेन्सवरची पट्टी एएफवरून (आपोआप फोकस) एमएफवर (हाताने फोकस). मग कॅमेऱ्यामागचा स्क्रीन चालू करून चित्र १० पट मोठं करून मथळा वाचतो. अक्षरांच्या कडा कापल्यासारख्या हव्यात. पेपर बाजूला, आणि इथून पुढे लेन्सला हात नाही.

हे शब्दशः पाळा. झूमची कडी थोडी फिरवली तरी किट लेन्सचा फोकस सरकतो, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. जुन्या १८-५५ मध्ये फोकसला पुढचं तोंडच फिरतं, त्यामुळे झाकण काढताना किंवा काच पुसताना धक्का लागतो. काही नव्या लेन्समध्ये फोकसची कडी मोटरवर चालते आणि कॅमेरा बंद करून चालू केला की जागा बदलू शकते. म्हणून आपोआप बंद होण्याची वेळ मेनूतून वाढवून ठेवतो. एमएफची पट्टी नसलेल्या लेन्सवर फोकस मागच्या बटणावर नेता येतो, म्हणजे शटरचं बटण फोकसला हात लावत नाही.

माझी जागा पुढच्या रांगेच्या टोकाला, कॅमेऱ्याकडून येण्याच्या वाटेजवळ. मी नसताना तिथे स्टूल ठेवतो, नाहीतर रांग नकळत सरकून ती जागा भरून टाकते. धावत येऊन मी रेघेच्या पुढे उभा राहिलो तर मीच पुसट येणार, म्हणून पाय रेघेवर.

टायमरला १० सेकंद कमी पडतात. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये २, ५, १० आणि २० सेकंद असतात आणि एका टायमरवर १ ते ९ फोटो सांगता येतात. मी २० सेकंद आणि ५ फोटो ठेवतो. कॅननच्या साध्या मॉडेलांत १० सेकंदांनंतर २ ते १० फोटो सलग घेता येतात. पहिला फोटो सोडूनच द्यायचा, तेव्हा कुणीतरी लुगडं सावरत असतं. ‘आठे देखा!’ (इकडे बघा) अशी हाक दुसऱ्या फोटोनंतर द्यायची. डीएसएलआर असेल तर मागच्या, डोळा लावून बघायच्या काचेवर डोळा नसताना तिथून ऊन आत शिरतं आणि कॅमेऱ्याचं उजेडाचं मोजमाप चुकतं. मॅन्युअल मोडमध्ये हा प्रश्न येत नाही. ऑटोवर काढणाऱ्यांनी ती काच झाकावी. कॅननच्या गळ्यात अडकवायच्या बऱ्याच पट्ट्यांवर त्यासाठीच रबरी झाकण असतं.

फोनवर काढत असाल तर आधी मागचा कॅमेरा वापरा. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, मग टायमर. फोनला स्पष्टतेच्या पट्ट्याची अडचण कमी आणि हलण्याची जास्त, म्हणून संध्याकाळी नाईट मोड बंद.

माणसं पांगण्याआधी फोटो मोठा करून बघतो आणि काय बिघडलं ते तिथेच ओळखतो. रांगोळीची रेघ इथे पुन्हा कामाला येते. रेघेपाशी जमिनीवरची खडी धारदार दिसली तर फोकस जागेवर आहे. मागची भिंत धारदार आणि रेघ पुसट, तर फोकस मागे गेला. कुठेच काही धारदार नाही आणि सगळ्या कडा एकाच दिशेला दुहेरी दिसतात, तर ट्रायपॉड हलला. एकाचाच चेहरा फरफटलेला आणि शेजारच्याच्या मिशीचा केस न् केस दिसतो, तर तो माणूस हलला. शटर वाढवून पुन्हा घ्यायचा. चारही डोकी तपासायची ती पुढच्या रांगेची दोन टोकं आणि मागच्या रांगेची दोन टोकं. मधले बहुधा बरोबर असतात.

सगळं झालं की लेन्सची पट्टी परत एएफवर. ती विसरली तर दुसऱ्या दिवशी झोक्यावरच्या पोरींचे सगळे फोटो पाच मीटरवरच अडकलेले निघतात.