नोंद ४ : घुमारा, बेस आणि रिकामी सम

मित्राबरोबर एक गाणं करतोय, त्याच्या मिक्सच्या या नोंदी. गाणं पांढरी सहामध्ये (पेटीची सहावी पांढरी पट्टी हा सा) पक्कं झालं, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. शब्द माझ्या नागपूरच्या मित्राचे, चाल दोघांची, ढोलकी आणि बेस मी वाजवलाय. पहिलं मिक्स (सगळे आवाज जुळवून केलेलं गाणं) पाठवल्यावर त्याचा फोन आला, "अरे, गाडीचं दार थरथरतंय. माझे शब्द कुठे गेले?"

माझ्या खोलीत तर बेस पातळ वाटत होता. म्हणूनच मी ५५ हर्ट्झला ५ डेसिबल चढवले होते.

मग मोजायची टेप काढली. खोली १० फूट लांब. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर एवढ्या लांबीत पहिली उभी लहर (दोन भिंतींमध्ये अडकून काही जागी मोठी, काही जागी नाहीशी होणारी लहर) ५६ हर्ट्झच्या आसपास बसते, आणि खर्जातला पांढरी सहाचा सा नेमका ५५ हर्ट्झ! माझी खुर्ची बरोबर मध्यावर, म्हणजे ही लहर जवळजवळ नाहीशी होते तिथे. जो स्वर मला ऐकूच येत नव्हता, तो मी वाढवत बसलो होतो. (भिंतींना गाद्या लावून बघितल्या. एवढ्या खालच्या स्वराला त्यांनी काही होत नाही.) खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली, चढवलेले ५ डेसिबल काढले, आणि बेस पहिल्यांदा खरा ऐकू आला.

तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गढूळपणा राहिलाच. ढोलकीच्या धुमेचा (खर्जाच्या बाजूचा) घुमारा, म्हणजे घुमत लांबणारा आवाज, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ८० ते १२० हर्ट्झमधून सरकत जातो, आणि बेसच्या सा चा दुसरा अंश (मूळ स्वरासोबत वाजणारा दुप्पट कंपनांचा स्वर) ११० वर. दोघे एकाच जागी. इक्यूने (ठरावीक हर्ट्झचा भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) बेस कापला की तो पोकळ व्हायचा, धुम कापली की ढोलकीचा जीव जायचा. साइडचेन (ढोलकी वाजली की बेस आपोआप दबवणारी जोडणी) लावून पाहिलं, पण घुमारा लांबतो, तेवढा वेळ बेस दबून राहतो आणि केरव्याचा (गाण्याच्या तालाचा) झुलाच मोडतो. ढोलकीच्या गाण्यात घुमाऱ्याला हात लावू नये, या मतावर मी आता ठाम आहे.

तोड काढली मित्राने, तीही शब्दांतून. मुखडा समेवर सुरू होत होता. त्याने पहिला शब्द काढून टाकला आणि ओळ दुसऱ्या मात्रेवर उचलली. "सम ढोलकीला दे, आपण मागून येऊ," म्हणाला. मी बेसही तसाच बदलला : समेवर गप्प, दुसऱ्या मात्रेवर सा. एकाही प्लगइनला (इक्यूसारख्या सॉफ्टवेअर साधनाला) हात न लावता खालचा भाग मोकळा झाला, आणि धुम पडल्यावर येणारा तो आवाज आता अंगावर काटा आणतो.

मोबाइलच्या स्पीकरवर ५५ हर्ट्झ येतच नाही, म्हणून बेसची एक प्रत करून तिला हलकं सॅच्युरेशन (वरचे अंश वाढवणारी किंचित विकृती) दिलंय. वरचे अंश ऐकू आले की कान खालचा सा आपणच भरून घेतो. त्या प्रतीतला २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापला आहे. किती मिसळायची ते अजून ठरत नाहीये, दुसरं कडवं आलं की रविवारी पुन्हा बसेन.