जर्मन वाइनचं लेबल: सगळं सांगतं, हवं तेवढं सोडून

जर्मनीतल्या रेवे किंवा एडेकासारख्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये वाइनच्या कपाटासमोर नवा आलेला भारतीय माणूस बघा. आजूबाजूला ऱ्हाइन आणि मोझेल या नद्यांकाठच्या बाटल्यांची रांग असते आणि त्याचा हात जातो चिलीच्या मेर्लोकडे. दोष चवीचा नसतो, कारण चव अजून घेतलेलीच नसते. नाशिकच्या बाटलीवर शेनिन ब्लाँ किंवा शिराझ असं वाणाचं नाव ठळक छापलेलं असतं, आपल्याला त्याची सवय. इथल्या बाटलीवर असतं: ‘२०२२ वेलेनर झोनेनऊर रीसलिंग श्पेटलेझे’.

उलगडलं तर हे फार काटेकोर आहे. पहिला शब्द गावाचा: वेलेन गाव, त्याला ‘अर’ जोडून ‘वेलेनचं’. दुसरा मळ्याचा: झोनेनऊर म्हणजे सूर्यघड्याळ, १८४२ मध्ये योडोकुस प्र्युम यांनी त्या उतारावर बसवलेलं. ग्राखर हिमेलराइख, एर्डेनर ट्रेपशेन, युर्त्सिगर व्युर्त्सगार्टन ही नावंही याच साच्यातली. मग वाण रीसलिंग, आणि शेवटी द्राक्ष किती पिकल्यावर तोडलं त्याची पायरी. वाण आणि साल लिहायचं तर त्यातला किमान ८५ टक्के माल त्याच वाणाचा आणि त्याच सालचा लागतो. एवढी माहिती फार कमी देशांत एका ओळीत मिळते. फक्त गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तसाच राहतो: ही गोड आहे की नाही?

याचं मूळ १९७१ च्या वाइन कायद्यात आहे. त्याने दर्जाची शिडी रसातल्या साखरेवर बेतली. माप एक्स्ले अंशांचं: एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. मोझेलच्या रीसलिंगला श्पेटलेझेसाठी किमान ७६ अंश लागतात, आउसलेझेला ८३, बेरेनआउसलेझेला ११०, ट्रॉकनबेरेनआउसलेझेला १५०. पण ही मोजणी रसाची आहे, बाटलीतल्या वाइनची नाही. यीस्टला पूर्ण काम करू दिलं तर बहुतेक साखरेचं अल्कोहोल होतं आणि वाइन कोरडी होते. मध्येच थांबवलं तर गोड राहते. म्हणजे ‘श्पेटलेझे’ लिहिलेली एक बाटली खणखणीत कोरडी निघेल आणि शेजारची मधासारखी. बरं, साध्या, म्हणजे न फसफसणाऱ्या, वाइनवर गोडी छापणं कायद्याने बंधनकारकही नाही.

म्हणून ‘ट्रॉकन’ हा शब्द शोधायचा. त्याचा अर्थ कोरडी: लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंत, किंवा आंबटपणा साखरेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त कमी नसेल तर ९ ग्रॅमपर्यंत. ‘हाल्बट्रॉकन’ला १२ ग्रॅम, आंबटपणा भरपूर असेल तर १८. ‘लीबलिश’ ४५ पर्यंत आणि त्यापुढे ‘झ्यूस’. ‘फाइनहेर्ब’ला मात्र कायद्याची मर्यादाच नाही. ती साधारण हाल्बट्रॉकनच्या आसपास किंवा थोडी गोड असते, पण प्रत्येक उत्पादकाचा अंदाज वेगळा. ट्रॉकनबेरेनआउसलेझेमधला ‘ट्रॉकन’ मळ्यात सुकलेल्या मण्यांसाठी आहे. ती वाइन सगळ्यांत गोड. आणि सेक्ट, म्हणजे फसफसणारी वाइन, घेताना याच शब्दाने सर्वाधिक फसगत होते. सेक्टवर ‘ट्रॉकन’ म्हणजे लिटरमागे १७ ते ३२ ग्रॅम साखर, चांगलीच गोड. कोरडी हवी असेल तर तिथे ‘ब्रूट’ बघायचं, १२ ग्रॅमच्या आतलं.

लेबलवर यातलं काहीच नसेल तर अल्कोहोलचा आकडा वाचायचा, तो छापावाच लागतो. साधारण १७ ग्रॅम साखरेतून लिटरला १ टक्का अल्कोहोल तयार होतं. ९० अंशांचा रस पूर्ण आंबवला तर सुमारे १२ टक्के येतात. बाटलीवर ८ टक्के असतील तर उरलेल्या ४ टक्क्यांची साखर, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास, आतच आहे. ढोबळ नियम असा: पायरीचं नाव आहे, ट्रॉकन नाही आणि अल्कोहोल ७ ते ९ टक्के, तर गोड, १२ च्या पुढे, तर बहुधा कोरडी. मधल्या १० ते ११ टक्क्यांत हा हिशेब डळमळतो.

अलीकडे यापेक्षा सोपा मार्ग निघाला आहे. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनला युरोपीय संघात घटक आणि पोषणमूल्यं द्यावी लागतात. बहुतेक उत्पादक ती क्यूआर कोडमागे ठेवतात. मोबाइलने कोड उघडा, ‘त्सुकर’ची, म्हणजे साखरेची, ओळ शोधा, तिथला १०० मिलीचा आकडा दहाने गुणा. ०.५ असेल तर लिटरला ५ ग्रॅम, ७.१ असेल तर ७१. दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटाचं काम, तरी लेबलवर एक शब्द छापायला काय जातं, हा प्रश्न राहतोच.

वाणांची नावंही परकी वाटतात, पण ती अडचण लहान. श्पेटबुर्गुंडर म्हणजे पिनो न्वार, ग्राउबुर्गुंडर म्हणजे पिनो ग्री, वाइसबुर्गुंडर म्हणजे पिनो ब्लाँ. एवढं पाठ केलं की अर्धं कपाट ओळखीचं होतं.

खरी चीड यावी अशी गोष्ट वेगळीच. १९७१ च्या कायद्याने सुमारे ३०,००० मळ्यांची नावं २,६०० च्या आसपास आणली, आणि सोबत ‘ग्रोसलागे’ नावाचे मोठे पट्टे आखले. एका पट्ट्यात अनेक गावांची जमीन, चांगली आणि सुमार एकत्र. मात्र लेबलवर या पट्ट्याचं नाव अगदी मळ्याच्याच थाटात येतं. पीस्पोर्टर गोल्डट्र्योप्शेन हा स्लेटच्या चढणीवरचा नावाजलेला मळा, तर पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग हा पट्टा. बेर्नकास्टलर डॉक्टर जेमतेम सव्वातीन हेक्टरांचा, आणि बेर्नकास्टलर कुर्फ्युर्स्टलाय पुन्हा पट्टा. नवख्याने यातला फरक ओळखायचा कसा? तो मिशेल्सबेर्ग आणतो, पाणचट गोड निघते, आणि पीस्पोर्ट गावच त्याच्या यादीतून कटाप. क्र्योवर नाक्टार्श हाही असाच पट्टा. लेबलवर उघड्या ढुंगणावर फटके खाणारं पोर असतं, आणि पर्यटक हसत हसत घेतात. २०२१ च्या सुधारणेनंतर २०२६ च्या पिकापासून अशा नावाआधी ‘रेगिओन’ हा शब्द लागेल. जुन्या सालांच्या बाटल्या तोवर कपाटात राहणारच.

गंमत म्हणजे चांगल्या उत्पादकांच्या व्हीडीपी या १९१० मधल्या संघटनेने आपल्या सर्वोत्तम मळ्यांच्या पायरीला नाव दिलं ‘ग्रोसे लागे’. ग्रोसलागे आणि ग्रोसे लागे, एका मात्रेचं अंतर, अर्थ दोन टोकांचे! त्यापेक्षा त्यांची खूण उपयोगी: झाकणाच्या वेष्टनावर गरुड आणि द्राक्षाचा घड. शिवाय ‘जीजी’ ही अक्षरं दिसली तर वाइन कोरडी आणि वरच्या मळ्याची.

अवघड नावावरचा उतारा जुनाच आहे. जिशेल घराण्याने १९२३ मध्ये इंग्लंडच्या बाजारासाठी गॉथिक अक्षरं आणि गावांची नावं बाजूला सारून ‘ब्लू नन’ हे सुटसुटीत नाव काढलं. पुढे ती तुफान खपली, पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत जर्मन वाइन म्हणजे स्वस्त आणि गोड अशी समजूत इंग्रज गिऱ्हाइकांत पसरण्यात तिचा आणि लीबफ्राउमिल्श या गोडसर जर्मन वाइनच्या इतर बाटल्यांचा मोठा हात होता. आज तरुण उत्पादक पुढे नुसतं चित्र आणि एखादा शब्द ठेवतात. कायद्याने लागणारी माहिती एकाच नजरेत दिसली की झालं, ती कुठल्या बाजूला हे कायदा सांगत नाही. म्हणून बाटली फिरवून बघायची. ‘गुट्सअबफ्युलुंग’ असेल तर वाइन मालकाच्या स्वतःच्या द्राक्षांची, तिथेच भरलेली. नुसतं ‘अबफ्युलर’ असेल तर ती कुणीतरी विकत घेऊन भरलेली असू शकते. एपी क्रमांक म्हणजे सरकारी तपासणीचा क्रमांक, त्यातले शेवटचे दोन आकडे तपासणीचं साल, त्याआधीचे आकडे त्या उत्पादकाच्या मालाची खेप. एकाच मळ्याच्या, एकाच सालच्या दोन आउसलेझेंमधला फरक कधी कधी फक्त या क्रमांकातच दिसतो.

भारतात परतताना माणशी २ लिटर मद्यावर सीमाशुल्क लागत नाही. ७५० मिलीच्या दोन आणि ३७५ मिलीची एक मिळून १.८७५ लिटर होतात. एक ट्रॉकन घ्या. दुसरी ८-९ टक्क्यांची काबिनेट (श्पेटलेझेच्या खालची पायरी), कोल्हापुरी तिखटाबरोबर ती कोरडीपेक्षा जास्त जमते. अर्धी बाटली आउसलेझेची. तिन्ही चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध.