काळ्या जमिनीच्या पांदणीत रिकामी गाडी का घसरते आणि मागे वजन कसं ठेवावं

काळ्या रानात पाऊस पडून गेला की रिकामी पिकअप पांदणीत, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, जागेवरच चाकं फिरवते, आणि तीच गाडी मागे चार कट्टे (पोती) टाकल्यावर निमूट निघून जाते. कारण साधं आहे. या गाड्यांना जोर मागच्या चाकांतून मिळतो, पण रिकाम्या गाडीचं बरंचसं वजन समोर असतं. चाकाला जमिनीवर दाबणारं वजन नसेल तर इंजिन कितीही ताकदीचं असो, ती ताकद चिखल उडवण्यात जाते.

आधी आपली गाडी कोणत्या चाकांवर चालते ते पक्कं करा. बोलेरो, ईको, जुनी ओम्नी, टाटा एस, इनोव्हा क्रिस्टा या मागच्या चाकांवर चालतात. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट समोरच्या चाकांवर चालतात. इनोव्हा हायक्रॉसही समोरच्याच. अशा गाडीच्या डिक्कीत कट्टे टाकले तर समोरची चाकं हलकी होतात आणि गाडी आणखी लवकर फसते. ऐकून-पाहून वॅगनआरमध्ये रेतीचे कट्टे टाकणारे लोक आहेत, म्हणून हे ठासून सांगतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. पांदणीत खाली मुरूम किंवा गिट्टी टणक आहे आणि वर दोन-तीन इंच काळा गारा (चिखल) आहे, तिथे वजनाचा खरा फायदा. चाक गाऱ्यातून खाली दाबलं जातं आणि टणक थराला टेकतं. पण पूर्णा नदीच्या काठासारखी खोल काळी जमीन असेल, खाली टेकायला काहीच नसेल, तर वजनानं चाक फक्त खोल जातं. काळी माती पाणी पिऊन फुगते, मऊ होते, आणि जितकं चाक खोल तितकी गाडी ओढायला जड. काठी खुपसून पाहा. वीत-दीड वीत सहज गेली तर वजन वाढवू नका, गाडी डांबरी रस्त्यालाच ठेवा आणि माल बैलगाडीनं किंवा ट्रॅक्टरनं आणा. बर्फाच्या मुलखात लोक हिवाळाभर डिक्कीत रेतीच्या थैल्या ठेवतात तेही याच हिशोबानं, पण दबलेला बर्फ खालून टणक असतो. आपल्या काळ्या रेगड मातीचं तसं नाही.

किती वजन ठेवायचं हे अंदाजानं ठरवण्यापेक्षा काट्यावर ठरवा. जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या धर्मकाट्यावर आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर ठेवून तोला. समजा एकूण 1000 किलो आणि मागच्या चाकांवर 400 आले. मागच्या आसाच्या बरोबर वर 80 किलो ठेवले की तिथे 480 होतात. पकड पाचव्या हिश्श्यानं वाढली, पण ओढायचं वजनही 1080 झालं. म्हणजे मागच्या चाकांचा वाटा 40 टक्क्यांवरून साडेचव्वेचाळीसच्या आसपास गेला. खरा फायदा एवढाच. 80 ऐवजी 300 टाकून फायदा चौपट होत नाही, पाटे (मागच्या स्प्रिंगा) आणि टायर मात्र मरतात. साधारण ईको-ओम्नीला 60 ते 80 किलो, बोलेरोला 80 ते 120, रिकाम्या पिकअपला 150 ते 200 पुरतात. मागच्या सीटवर दोन जाडजूड माणसं बसणार असतील तर ईकोत वेगळं वजन नकोच, ते काम तीच माणसं करतात. सीएनजीची ईको सिलिंडरमुळे आधीच मागून जड असते. तिच्यात वजन कमी ठेवा, आणि सिलिंडरला किंवा त्याच्या व्हॉल्व्हला टेकून तर काहीच ठेवू नका.

जागा महत्त्वाची, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. कट्टे मागच्या दाराला चिकटवून ठेवले की गाडी तराफ्यासारखी मागे झुकते. ईकोचा व्हीलबेस 2350 मिलिमीटर आहे. 80 किलो आसाच्या अर्धा मीटर मागे ठेवले तर समोरच्या चाकांवरचं साधारण 17 किलो वजन उचललं जातं. चिखलात तेवढ्यानं स्टेअरिंग हलकं लागतं, गाडी वळवली तरी सरळच जाते. वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो तो वेगळाच. म्हणून कट्टे दोन्ही चाकांच्या कमानींच्या मधोमध, आसाच्या वर किंवा चार बोटं समोर. पिकअपमध्ये केबिनला चिकटवून ठेवलेल्या वजनाचा बराचसा भाग समोरच्या आसावर जातो, त्याचा उपयोग थोडाच. डावं-उजवं सारखं ठेवा. साध्या डिफ्रन्शलमध्ये (मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरमध्ये) हलकं चाक फिरू लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो, त्यामुळे एका बाजूला पडलेलं वजन बरंचसं वाया जातं.

आता कट्ट्यात काय भरायचं. रेतीपेक्षा मी जाड, कोरडा मुरूम पसंत करतो. गाडी फसलीच तर कट्टा फाडून मुरूम चाकाखाली टाकता येतो. काळ्या गाऱ्यात रेती गिळली जाते, मुरमाचे खडे मात्र टायरला धरतात. युरियाचा कट्टा 45 किलोचा म्हणून तो गळ्यापर्यंत भरू नका. युरिया हलका असतो, त्याच कट्ट्यात मुरूम ठासला तर 90 किलोच्या आसपास जातो आणि एकट्याला हलवता येत नाही. दहा लिटरच्या बादलीत कोरडा मुरूम पंधरा-सोळा किलो बसतो. दीड बादली एका कट्ट्यात टाका, म्हणजे तेवीस-चोवीस किलो. असा कमी भरलेला कट्टा चपटा पसरतो आणि हलत नाही. खताचा कट्टा आधी उलटा करून दोनदा धुवा, वाळवा. खताचे दाणे ओल धरतात आणि खालचा पत्रा खातात. मिठाचा कट्टा तर अजिबात नको. एकात एक असे दोन कट्टे घाला, कारण पिकअपच्या उघड्या डाल्यात उन्हानं प्लास्टिकचा कट्टा एका हंगामात भुगा होतो. खाली रबरी चटई टाका आणि दर पंधरवड्याला कट्टे उचलून पत्रा कोरडा करा.

पाण्याच्या ड्रमचा मोह होतो. पूर्ण भरलेले, घट्ट झाकणाचे वीस लिटरचे डबे चालतात. अर्धा ड्रम मात्र नाही, ब्रेकला पाणी समोर उसळतं आणि गाडी ढकलते.

बांधणं हा जिवाचा प्रश्न आहे. ईको-ओम्नीत सामान आणि माणसं यांच्या मध्ये भिंत नसते. अचानक ब्रेक लागला तर तेवीस-चोवीस किलोचा कट्टा माणसाच्या मानेवर येतो. बाभळीच्या दोन-तीन इंची फळ्यांची उथळ चौकट करून कट्टे तिच्यात बसवा, वरून रॅचेटचा पट्टा चेसिसच्या हुकांना ताणून बांधा. सीटच्या पाठीपेक्षा उंच थर नको.

टायरची हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे भरा, मागे वजन असेल तर भारासाठी दिलेला आकडा घ्या. फक्त फसल्यावर मागची हवा 20-22 पीएसआयपर्यंत सोडता येते. तेव्हा वेग वीसच्या आत आणि डांबरीवर येताच परत भरा, कारण वजन जास्त आणि हवा कमी असली की टायरची बाजू तापून फुटते. नक्षी तीन मिलिमीटरवर आली असेल तर वजनाचा फारसा उपयोग नाही. काळी माती नक्षीत भरून टायर गोटा होतो. मडगार्डमध्ये साचलेला गारा खुरप्यानं काढत राहा, तिथे तो वाळला की विटेसारखा होतो आणि टायरला घासतो.

चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडून, न थांबता जा. एकच चाक फिरू लागलं तर हँडब्रेक एक-दोन खाचा हलका ओढा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. हे काही सेकंदच करा, ड्रम तापतो. चाकानं खड्डा केला आणि डिफ्रन्शलचा गोळा मातीला टेकला की अॅक्सिलरेटर सोडा. आता गाडीचं वजन चाकांवर नाही, मातीवर आहे. इथे मागचे कट्टे उतरवायचे, जॅकखाली फळी ठेवून चाक उचलायचं आणि खाली मुरूम भरायचा. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) टाकायच्या तर आडव्या आणि दाट टाका, कापलेली टोकं टायरकडे नकोत. तुरीच्या खुंटांनी तर टायर हमखास पंक्चर होतो. ओलं कुटार (मळणीनंतरचा भुसा) टाकू नका, साबणासारखं घसरतं.

पांदणीतून बाहेर आलं की रिमच्या आतली माती पाण्यानं काढा. ती एका बाजूला वाळली की साठ-सत्तरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंटचे पैसे उगाच देतात. मागे वजन ठेवल्यावर दिव्याचा झोत वर जातो, समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली घ्या.

वजन पावसाळ्यापुरतंच. दिवाळीच्या आसपास पांदणी वाळल्या की उतरवा. ज्यांच्या रस्त्यावर हरभरा-गव्हाच्या ओलिताचं पाणी डिसेंबर-जानेवारीत फुटतं, त्यांनी चारातले दोन कट्टे ठेवले तरी पुरे.