तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तिचे खरे केस कुठले?’

सांगलीला गेलं की तिसऱ्या दिवसापर्यंत कुणीतरी विचारतंच. चहाचा कप खाली ठेवत, आवाज उगाच बारीक करून: “अगं, तिचे ते केस खरे आहेत का?” लेक शेजारीच बसलेली असते. तिला मराठी कळतं हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे, तरी. मग पुढचा प्रश्न: “तिकडच्या सगळ्याच बायका का गं खोटे केस लावतात?” नवरा केनियातल्या किसुमूचा, घर नैरोबीत, म्हणून ‘तिकडच्या बायकां’ची वकील मी. आजवर हसून विषय बदलत आले. आता एकदाच लिहिते. पुढच्या वेळी हेच हातात ठेवीन.

आधी तो ‘खोटे’ शब्द. आपल्याकडे त्याला गंगावन म्हणतात. आजीच्या फडताळात, करंड्याशेजारी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं. कार्य निघालं की बाहेर यायचं, वेणीत गुंफलं जायचं आणि आजीचा शेपटा कमरेखाली उतरायचा. तिला कुणी ‘खोट्या केसांची’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. आजीने लावलं की नटणं आणि माझ्या नणंदेने लावलं की फसवणूक, हे गणित मला सुटत नाही.

दुसरा आरोप गोऱ्यांच्या नकलेचा. इजिप्तमध्ये अमार्नाच्या दफनभूमीत सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची एक बाई सापडली, तिच्या डोक्याला वरून जोडलेल्या केसांच्या सत्तरेक बटा होत्या. तेव्हा नक्कल करायला गोरे होते कुठे? इजिप्त म्हणजे काही ‘तसली’ आफ्रिका नव्हे, असं म्हणणारेही मला भेटलेत (एक तर निवृत्त प्राध्यापक). त्यांच्यासाठी नामिबियाचा उत्तर भाग. तिथे म्बालांटु जमातीच्या मुली बाराव्या वर्षाच्या सुमारास झाडाच्या सालीची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून केसांना थापायला लागत. काही वर्षांनी त्यात फळांच्या बिया ओवायच्या, मग जनावरांच्या स्नायूंचे दोर जोडायचे. वाढवत वाढवत ते जमिनीला टेकत. त्या दोरांवरून मुलगी कोणत्या वयाची, लग्नाची की लग्न झालेली, हे लांबून कळायचं. आपल्याकडे जे काम मंगळसूत्र करतं ते.

आणि लागोसचा तो छायाचित्रकार, जे. डी. ओखाई ओजेइकेरे. १९६८ पासून त्याने नायजेरियन बायकांच्या केशरचनांचे शेकड्यांनी फोटो काढले, बरेचसे पाठमोरे. केसांना काळा दोरा गुंडाळून उभारलेले मनोरे आणि कमानी. लागोसमध्ये एको ब्रिज झाला तेव्हा त्या पुलाच्या नावाची केशरचना आली. आपण कधी वांद्रे–वरळी सी-लिंकचा अंबाडा घातला का?

बरं, हे ‘त्यांचं खूळ’ चालतं कुणाच्या जिवावर? वेण्यांत जोडायचा कृत्रिम धागा जपानच्या कानेका कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणला. नैरोबीत ज्या डार्लिंग नावाच्या पुड्या टपरीटपरीवर टांगलेल्या दिसतात, त्या डार्लिंग समूहातला मोठा हिस्सा २०११ मध्ये विक्रोळीच्या गोदरेजने घेतला. हे सांगितलं तेव्हा विक्रोळीतच राहणारा माझा चुलतभाऊ म्हणाला, “आपले कपाटवाले?” हो, तेच. आणि माणसांच्या केसांचं म्हणाल, तर तिरुमलाला उतरवलेले केस लिलावात जातात आणि आपल्या गल्लीत ‘केसांवर फुगे, केसांवर भांडी’ ओरडत येणारा फणीतला गुंताही तोलून नेतो. आईने त्या गुंत्यावर स्टीलचं झाकण घेतलेलं मी पाहिलंय. ते केस धुऊन, सोडवून, निवडून चीनच्या कारखान्यांत जातात आणि विग होऊन आफ्रिकेत उतरतात. तेव्हा ‘ते केस कुणाचे’ या प्रश्नाचं एक उत्तर ‘कदाचित तुमचेच’ असंही आहे.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम. इथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

लेक आठ वर्षांची होती. धाकट्या भावाचं लग्न होतं, सांगलीलाच. आधीच्या खेपेला एका मावशीने तिच्या डोक्यात फणी घातली होती, ती अडकली, आणि सगळे हसले होते. लेकही हसली होती, कारण सगळे हसत होते. यंदा ते नको, असं मी ठरवलं. नैरोबीच्या दुकानातून लहान मुलांचा रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करायचं क्रीम, आणला. डब्यावर सरळ केसांची एक हसरी मुलगी. मुलांच्या डब्यात कॉस्टिक सोडा नसतो म्हणून मी निर्धास्त होते. कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपला चुना, आणि त्यात एक द्रव कालवायचा असतो. कालवलं की तेही भाजायला पुरेसं होतं, हे मला नंतर कळलं.

आधी दोन दिवस डोकं धुऊ नका, असं डब्यावर लिहिलं होतं. मी काय केलं? त्याच सकाळी तिला शिकेकाईने खसखसून न्हायला घातलं. शुभकार्याची तयारी आणि मुलीला न्हाण नाही, हे माझ्या हाताला पटेना. टाळूवरचं तेलाचं कवच गेलं, नखं लागली ती वेगळीच. मग क्रीम. पाच मिनिटांत ती म्हणाली, “आई, चावतंय.” मी म्हटलं, “सोस जरा. सुंदर दिसायचंय ना?” केस अजून वळलेलेच होते. सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवलं. किती जास्त, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. ती रडत नव्हती. दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरून बसली होती. धुताना पाण्याबरोबर पुंजके आले. डाव्या कानामागे कातडी लालबुंद, दुसऱ्या दिवशी फोड.

लग्नात तिच्या डोक्याला रेशमी रुमाल होता आणि रुमालाला टाचलेला गजरा. “किती गोड दिसतेय, मुसलमानीण दिसतेय,” असं एकजण म्हणाली. फोटोत ती सगळीकडे हसते आहे.

परतल्यावर सासूबाईंना दाखवायला किसुमूला नेलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी रुमाल सोडला, बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, “कुणासाठी?” मग कात्री घेतली आणि उरलेले केस बोटभर कापून टाकले. सासूबाई स्वतः विग घालत, चर्चला जाताना. सासरे गेले तेव्हा त्यांच्या लुओ जमातीच्या रीतीप्रमाणे सासूबाईंचं डोकं उतरवलं होतं. तो फोटो पाहून माझी आई इकडे ढसाढसा रडली होती, कारण तिच्या आजीला सोवळी केलेलं तिने लहानपणी पाहिलं होतं. “तिथेही तेच का गं?” तेच नव्हतं. सासूबाईंचे केस पुन्हा वाढणार होते आणि वाढेपर्यंत विग होता. आईच्या आजीला लाल आलवणाचा पदर होता, मरेपर्यंत.

सासूबाईंची एक बहीण टांझानियात, मुसोमाला दिली होती. तिच्या तोंडून ऐकलेलं: १९६९ सालापासून तिथे सत्ताधारी पक्षाच्या तरुण संघटनेने मिनी स्कर्टबरोबर विगवरही बंदी घातली, आफ्रिकेच्या अब्रूसाठी. रस्त्यात पोरं बायकांना अडवत. हिने आपला विग मक्याच्या पिठाच्या डब्यात लपवला. “आधी पाद्री म्हणाले तुमचे केस रानटी. मग ही पोरं म्हणाली, तुमचे केस आपले नाहीत. आम्हाला कुणी विचारलं का?”

मीही हे विचारायला हवं होतं. भाजण्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. गळ्यात मोठे मणी, तोंडी एकच जप: नैसर्गिक, नैसर्गिक. नणंदांना जेवणाच्या टेबलावर प्रवचनं दिली. सरळ केस म्हणजे गुलामी, विग म्हणजे शरणागती. स्वतःचे सरळ केस मोकळे सोडून हे बोलत होते, आणि त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला काय सांगू? पूर्ण चुकीची होती असंही म्हणवत नाही. म्बालांटु मुलींचे दोर कुणाच्या केसांसारखे दिसावेत म्हणून नव्हते. नैरोबीच्या दुकानांत आज टांगलेले बहुतेक विग मात्र लांब, सरळ, मधोमध भांग पाडलेले आहेत. म्हणजे माझ्याच केसांसारखे. हे मला खटकतं. आणि खटकण्याचा हक्क मी त्या स्टुलापाशी गमावला, हेही कळतं.

केनियाच्या बऱ्याच शाळांसारखा लेकीच्या शाळेतही केस बारीक कापण्याचा नियम होता. शाळा संपली त्याच आठवड्यात ती केन्याटा मार्केटला गेली, वेण्या घालून घ्यायला. मीही गेले. तीन बायका एका डोक्याला लागल्या, पाच तास. ती कळवळली की त्यातली एक म्हणे, “पोले,” म्हणजे सॉरी गं. दुसरी म्हणे, “वुमिलिया.” सोस जरा. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

आता ती विगही घालते. कारण विचारलं तर सांगते: सकाळचा वेळ वाचतो, खाली केसांना विसावा मिळतो, सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरी दिसता येतं. मला पटतं. तुम्हालाही पटावं. फक्त एक कारण ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात नवा आणला, खांद्यापर्यंतचा, सरळ. मागची क्लिप लावायला मला बोलावलं. खाली सहा नेटक्या ओळी विणलेल्या, आणि डाव्या कानामागे रुपयाएवढी जागा, जिथे अजून काही उगवत नाही. विचारावं म्हणून मी तोंड उघडलं.

“आई,” ती आरशातून म्हणाली, “घट्ट लाव, पण ओढू नकोस.”