डिस्क गेली नव्हती, दिसत नव्हती

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार काका मागे कॅनडा कॉर्नरच्या आमच्या दुकानात लॅपटॉप घेऊन आले, तेव्हा त्याचा निकाल आधीच लागलेला होता. नाशकातल्याच दुसऱ्या एका दुकानात त्यांना सांगितलेलं की हार्ड डिस्क गेली, नवीन टाकावी लागेल, डेटा विसरा. नवीन डिस्कच्या पैशांचं काकांना काही वाटत नव्हतं, जीव अडकला होता तो डेटात. ऑक्टोबर छाटणीपासून कुठल्या प्लॉटला कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती मारलं ते सगळं एक्सेलमध्ये, आणि माल युरोपला पाठवायचा. २०१० ला लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तो सीझन ज्याने बघितलाय त्याला फवारणीच्या नोंदी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. घरी वही होती पण अर्धीच भरलेली, कारण पुतण्याने लॅपटॉपची सवय लावली.

झालं होतं असं की अपडेट चालू असताना लाईट गेली, बॅटरी आधीच मेलेली, आणि तेव्हापासून मशीन ऑटोमॅटिक रिपेअरमध्ये गोल गोल फिरतंय. पहिल्या दुकानाने विंडोज टाकायला पेनड्राइव्ह लावला, तर जिथे पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी यायला पाहिजे तिथे चौकट रिकामी. खाली मेसेज येतो की ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर (विंडोजला डिस्कशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) हवा असेल तर लोड ड्रायव्हर दाबा. म्हणजे काय करायचं ते स्क्रीनच सांगतेय, फक्त वाचायचं असतं.

मी आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे काकांची चिपवाली डिस्क, तिथे मॉडेल नंबरसकट दिसत होती. बायोसलाच दिसत नसेल तर डिस्क सैल बसलीय किंवा खरंच गेलीय, हे मान्य. पण बायोसला दिसते आणि सेटअपला दिसत नाही म्हटल्यावर पहिला संशय व्हीएमडीवर, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या इंटेलच्या कंट्रोलरवर घ्यायचा. इंटेलचे ११व्या जनरेशनचे प्रोसेसर २०२० मध्ये आले तेव्हापासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी या व्हीएमडी कंट्रोलरच्या मागे असते, आणि पेनड्राइव्हवरच्या विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसला की त्याच्या लेखी डिस्कच नाही. आमच्या धंद्यातले बरेच जण सरळ बायोसमध्ये व्हीएमडी बंद करतात. कोरं विंडोज टाकायचं असेल तर तेही चालतं (काही लॅपटॉपमध्ये कंट्रोल-एस दाबल्याशिवाय तो पर्यायच दिसत नाही, ही आणखी एक कटकट). पण जुनं विंडोज तसंच ठेवून बंद केलं की बहुतेक वेळा बूट होताना निळी स्क्रीन येते, मग गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच बिघडवलं. मला डेटा काढायचा होता, म्हणून मी त्या सेटिंगला हातच लावला नाही.

व्हीएमडीसाठी लागणारा ड्रायव्हर म्हणजे इंटेलचा आरएसटी. आता इथे माणसं अडकतात, कारण डाउनलोड केली की मिळते ती एक्झी फाईल, आणि ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून सेटअपमध्ये काही उपयोग नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक्स्ट्रॅक्ट-ड्रायव्हर्सची कमांड देऊन ती फोडायची, मग आतून आयएनएफ फाईलवाला (सेटअपला ड्रायव्हर ओळखायला तीच लागते) फोल्डर निघतो, तो पेनड्राइव्हवर घ्यायचा. मी शिफ्ट-एफ-टेनने काळी खिडकी उघडली, डीआरव्हीलोड (drvload) कमांडने ड्रायव्हर चढवला, डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क दिलं, आणि आली की ४७६ जीबी! ५१२ ची तिथे एवढीच दिसते. काका उठून जवळ आले, "सापडली का?"

सापडली, पण कुलूपबंद. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप. काकांनी हे नावही ऐकलेलं नव्हतं. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि याची धड कल्पना माणसाला कोणी देत नाही, याचा मला मनापासून राग आहे. लॅपटॉप सेट करून दिला होता पुण्यातल्या पुतण्याने, स्वतःच्या ईमेलवर. त्याला फोन लावला, की-आयडीची (या कुलपाची की कोणती ते सांगणाऱ्या खुणेची) पहिली आठ अक्षरं जुळवून घेतली, आणि त्याने अकाउंटमधून ४८ आकडी रिकव्हरी-की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाईल नाकाशी धरला आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट मार्केटात भाव पुकारतात तसे खणखणीत वाचले, मी टाईप करत गेलो. त्यातल्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो गट हिशोब करूनही पकडता येतो. तशी वेळच आली नाही, पहिल्या फटक्यात उघडलं.

फवारणीची फाईल डेस्कटॉपवरच होती. ती आणि बाकीचे फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले, काकांना माझ्या कॉम्प्युटरवर फाईल उघडून शेवटच्या तारखेपर्यंत दाखवली, आणि मगच त्याच जुन्या डिस्कवर नवीन विंडोज टाकलं. डिस्कची हेल्थपण तपासली, ठणठणीत.

निघताना काका म्हणाले, "मग भाऊ, त्याने डिस्क गेली असं का सांगितलं?" मी म्हटलं, त्याच्याकडे हा ड्रायव्हर नसेल. काका काही बोलले नाहीत, पण त्यांना पटलं नाही हे दिसत होतं. मला मात्र खरंच वाटतं की तो पोरगा लबाड नाही. लबाड असता तर डिस्क काढून ठेवून घेतली असती, परत लॅपटॉप दिला नसता. त्याला माहीत नाही, आणि न तपासता गेली म्हणून सांगायची सवय आमच्या लाईनमध्ये इतकी पडलीय की त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मला त्रास होतोय तो त्याच्याकडे अशा आणखी किती डिस्क निकालात निघाल्या असतील याचा, कोणाच्या लग्नाचे फोटो, कोणाचं टॅली.

लॅपटॉपखाली त्याच्या दुकानाचं स्टिकर होतं, नंबर मी लिहून घेतलाय. ड्रायव्हरचा फोल्डर पाठवतो म्हणून सांगायचं, एवढंच. पण गिऱ्हाईक त्याच्याकडून माझ्याकडे आलेलं, मी काहीही बोललो तरी त्याला ते टोचूनच वाटणार, आणि अजून फोन केलेला नाही.