वाड्यांच्या दुरुस्तीपासून कलासंग्रहालयापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या लहानशा वास्तुरचना कार्यालयाची पहिली बरीच वर्षे पुण्याच्या पेठांमधील जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत गेली. वाळवी लागलेल्या तुळया बदलणे, कललेल्या भिंतींना आधार देणे आणि कौलांची गळती थांबवणे ही कामे सांभाळत असतानाच चित्रप्रदर्शनांच्या मांडणीची कामेही येऊ लागली. त्या ओळखीतूनच एका चित्रकाराच्या कुटुंबीयांनी स्थापन केलेल्या न्यासाने समकालीन कलेच्या संग्रहालयाचा आराखडा आमच्याकडे सोपवला. जागा पर्वतीच्या पायथ्याजवळ, दाट वस्तीत आहे.

विश्वस्तांची अपेक्षा एकच होती : इमारत पुण्याची वाटली पाहिजे. ही अपेक्षा ऐकल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कमानी, महिरपी आणि सुरूच्या घाटाचे खांब येतात. आमचे मत स्पष्ट होते आणि आजही तेच आहे. विश्रामबाग वाड्याचा कोरीव लाकडी सज्जा सुंदर आहे, कारण तो रस्त्याकडे पाहण्यासाठी बांधलेला आहे. त्याचीच नक्कल साच्यातून काढून काँक्रीटच्या भिंतीवर चिकटवली तर त्या भिंतीचा रस्त्याशी कोणताही संबंध जुळत नाही. परिसराशी नाते जुळते ते ऊन, पाऊस, पायवाट आणि रोज तिथून जाणारी माणसे यांच्यामुळे.

या दृष्टीने आम्ही काही इमारतींचा अभ्यास केला. भोपाळचे भारत भवन हे कलाकेंद्र (१९८२) वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी उतारावर असे बसवले आहे की रस्त्याच्या पातळीवरून आत शिरणारा माणूस गच्च्या आणि चौक उतरत मोठ्या तलावाकडे जातो, आणि इमारत दृष्टी अडवत नाही. तिथल्या संग्रहालयात चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी आदिवासी कलाकारांची कामे शहरी चित्रकारांच्या कामांशेजारी सन्मानाने मांडली. परिसराशी जोडून घेणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. जपानमधील कानाझावा येथील संग्रहालय (२००४) काजुयो सेजिमा आणि र्‍युए निशिझावा यांनी सुमारे ११३ मीटर व्यासाच्या काचेच्या वर्तुळात बसवले असून त्याला पुढची किंवा मागची बाजूच नाही. अनेक दिशांनी आत येता येते आणि बाहेरच्या कड्यात तिकिटाशिवाय वावरता येते. ब्राझीलमधील साओ पाउलोमध्ये लिना बो बार्दी यांनी कलासंग्रहालयच जमिनीपासून उचलून धरले आणि खालची जागा शहरासाठी मोकळी सोडली.

मात्र आमचा सर्वाधिक वेळ गेला तो प्रकाशावर. कागदावरील चित्रांसाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स ही प्रकाशाची मर्यादा संग्रहालयांमध्ये पाळली जाते, तर पुण्यातील एप्रिलच्या दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. रस्त्यावरून थेट दालनात आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटे चित्र नीट दिसतच नाही. वाड्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता : दिंडी, देवडी, चौक, ओसरी आणि मग माजघर अशा क्रमाने डोळा हळूहळू निवत जातो. वाड्यातून आम्ही घेतला तो हा क्रम. खांब आणि महिरपी घेतल्या नाहीत. प्रवेशापासून कागदी कामांच्या दालनापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर उजेड किती उतरावा हे ठरवूनच भिंतींच्या जागा पक्क्या केल्या.

छपराची गोष्टही अशीच. चित्रांसाठी उत्तरेचा उजेड घ्यावा, असे युरोपीय पाठ्यपुस्तके सांगतात. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या खिडक्यांतून सरळ आत येते. म्हणून आमच्या करवती, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या, छपराच्या प्रत्येक उत्तराभिमुख काचेसमोर आडव्या पट्ट्यांच्या जोडीला उभ्या पट्ट्याही आहेत, आणि आतील बाजूस पांढरा उतरता पडदा आहे, ज्यावर आपटूनच प्रकाश खाली येतो.

जागेच्या एका कडेने मुख्य रस्त्यापासून मागच्या वस्तीत आणि शाळेकडे जाणारी वहिवाटीची पायवाट होती. तिच्यावर कुंपण घालावे, अशी सूचना सुरक्षेच्या काळजीपोटी आली. आम्ही ती वाट राखली, तिच्यावर छप्पर आणले आणि तिकिटाची रेषा आत, पहिल्या चौकापलीकडे सरकवली. वाटेला लागून घडीव काळ्या दगडाचा, बसता येईल एवढ्या उंचीचा कट्टा आहे. त्यामागच्या मोठ्या काचेतून शिल्पांचे दालन दिसते. भाजी घेऊन घरी निघालेल्या बाईला आणि शाळा सुटलेल्या मुलाला काहीही न भरता एखादे शिल्प रोज पाहता यावे, ही या आराखड्यातील मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट आहे. विश्वस्तांना ती पटवून देताना रखवालदाराची जागा, कुलपांची व्यवस्था आणि कॅमेऱ्यांचे कोन कागदावर काढून दाखवावे लागले, आणि ते योग्यच होते.

वातानुकूलनाचा खर्च लहान न्यासाला पेलणारा नसतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी आणि ऑगस्टच्या ओल्या हवेत पुण्याची आर्द्रता दोन टोकांना जाते, आणि ही चढउतार कागदाला व लाकडाला सर्वाधिक बाधते. त्यामुळे दगड, धातू आणि भाजलेल्या मातीची कामे वाऱ्यावर चालणाऱ्या बाहेरच्या दालनांत ठेवून, कागद, कापड आणि चलचित्रांची अंधारी दालने जाड भिंतींच्या गाभ्यात घेतली आहेत. यंत्रे फक्त त्या गाभ्यासाठी चालतील. समकालीन कलाकार उद्या काय मांडेल याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून शिल्पदालनाची फरशी जड वजन पेलेल अशी, छताला टांगणीचे आकडे आणि मागच्या बोळातून टेम्पो थेट दारापर्यंत येईल एवढी वळणाची जागा ठेवली आहे.

कार्यालय आजही लहानच आहे आणि वाड्यांच्या दुरुस्तीची कामे आम्ही सोडलेली नाहीत. तिथलेच सुतार आणि पाथरवट संग्रहालयाच्या कामावरही आहेत. सध्या जोत्यापर्यंतचे बांधकाम पूर्ण झाले असून छपराचा एक खण पूर्ण आकारात उभारून तो मे-जूनच्या उन्हात तपासायचा आणि त्यानंतरच उरलेल्या पट्ट्यांचे काम ठेकेदाराला द्यायचे, असे विश्वस्तांशी ठरले आहे.